निळ्या खुणा आणि आपली हजेरी



आपल्या हिमायतनगरातील कोणत्याही वस्तीत दिवेलागणीनंतर आपण गेलात, तर ओट्यावर, पारावर, बुद्धविहाराच्या पायरीवर बसलेल्या बहुतेकांच्या हाती मोबाईल दिसेल आणि त्यावर व्हॉट्सॲप उघडलेले असेल. मुलगा पुण्यास बांधकामावर, लेक हैदराबादेस दिलेली, धाकटा भाऊ मुंबईत, अशी आपली कुटुंबे आज पांगली आहेत. त्यांना एकमेकांशी बांधून ठेवण्याचे काम हे यंत्र करीत आहे, हे नाकारण्यात काही अर्थ नाही. पण हे यंत्र केवळ निरोप पोहोचवून थांबत नाही. पलीकडचा माणूस या घटकेस तेथे आहे काय, तो शेवटचा केव्हा आला होता, त्याने आपला निरोप वाचला की नाही, हेही ते सांगते. व्हॉट्सॲपवर 'ऑनलाइन' आणि 'लास्ट सीन' ही अक्षरे उमटतात, वाचल्याच्या दोन निळ्या खुणा उमटतात. मेसेंजरवर हिरवा ठिपका दिसतो. माणूस समोर नसताना तो हजर असल्याची ही ग्वाही आहे. या हजेरीविषयीच मला आज आपणांशी बोलावयाचे आहे. ही खूण म्हणजेच हजेरी असे आपण मानू लागलो आहोत, आणि ज्या कुटुंबांनी नुकतीच दीक्षा घेऊन गावाचा रोष ओढवून घेतला आहे, त्यांना ही चूक परवडणारी नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

निरोप या वस्तूशी आपला संबंध जुना आहे. आपल्यापैकी पुष्कळांच्या आजोबा-पणजोबांवर गावाचा सांगावा वाहण्याचे काम लादलेले होते. गावात मर्तिक झाले की परगावच्या सोयऱ्यांस ती वार्ता कळविण्यासाठी महाराने काठी घेऊन निघावयाचे, ऊन म्हणावयाचे नाही की पाऊस म्हणावयाचा नाही, आणि पोहोचल्यावर दारापासून दूर उभे राहून सांगावा सांगावयाचा. ज्याच्या पायांवर साऱ्या पंचक्रोशीची बातमी चाले, त्याच्या स्वतःच्या घरावर संकट आले तर ती बातमी नेणारा मात्र कोणी नसे. वर्तमानपत्रांची तीच तऱ्हा. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी 'मूकनायक' सुरू केले, तेव्हा त्याची जाहिरात पैसे घेऊनही छापण्यास 'केसरी'ने नकार दिला होता, हा इतिहास आपण जाणताच.

आणि फार दूर कशाला जावयाचे? २७ जुलै १९७८ रोजी विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात संमत झाला आणि मराठवाड्यात आमच्या वस्त्या पेटल्या. त्या दिवसांविषयी वडीलधाऱ्यांकडून आम्ही लहानपणी ऐकले ते असे, की शेजारच्या गावी घरे जळत आहेत हे या गावास क्षितिजावरचा धूर पाहून कळे, किंवा रातोरात शिवारातून पळत आलेल्या बायका-मुलांकडून कळे. तोवर करण्यासारखे काही उरलेले नसे. याउलट १ जून २०२३ रोजी नांदेडजवळील बोंढार हवेली येथे अक्षय भालेराव या तरुणाचा खून झाला. गावात बाबासाहेबांची जयंती साजरी केल्याच्या रागातून तो झाला, असा आरोप आहे. ती बातमी जिल्हाभर पसरावयास दिवस लागले नाहीत. ज्याच्या-त्याच्या मोबाईलवर ती येऊन पडली. म्हणजे सांगावा आता आपल्या हातात आला. प्रश्न उरतो तो सांगावा ऐकल्यावर उठून जाण्याचा.

येथे मी एक हकीकत सांगतो. प्रकरण न्यायालयापुढे असल्यामुळे गावाचे आणि माणसांचे नाव घेत नाही.

गेल्या पावसाळ्यात एक तरुण माझ्या कचेरीत आला. त्याच्या कुटुंबाने काही महिन्यांपूर्वी दीक्षा घेतली होती. घरातील देव्हारा काढला, पांढरी वस्त्रे नेसून सर्वांनी त्रिशरण-पंचशील घेतले, आणि त्या समारंभाचे छायाचित्र या मुलाने मोठ्या आनंदाने गावाच्या व्हॉट्सॲप-गटावर टाकले. हा गट सर्व जातींचा. शेतीपंपाची वीज केव्हा येणार, रेशनचा माल आला काय, कोणाची गाय हरवली, असल्या कामांसाठी काढलेला; दोनशेच्या आसपास माणसे त्यात. छायाचित्राखाली गावातील एका गृहस्थाने जातीचे नाव घेऊन जे लिहिले, ते या पाक्षिकाच्या पानावर छापण्याजोगे नाही. त्या रात्री तो मजकूर साऱ्या गावाने वाचला. आपल्या वस्तीतील तीस-पस्तीस जण त्या गटात होते, त्यांनीही वाचला. एकानेही अवाक्षर काढले नाही. कोणी त्या मुलाच्या घरी गेले नाही. वास्तविक त्याचे घर आणि शेवटचे घर यांत दोनशे पावलांचेही अंतर नाही! सकाळी त्या गृहस्थाने आपला मजकूर सर्वांसाठी पुसून टाकला. मुलाने लाजेने गट सोडला आणि जाताना आपल्या मोबाईलवरील सारे संभाषणही साफ केले. माझ्यासमोर तो बसला तेव्हा त्याच्याजवळ दाखविण्यास काहीही नव्हते. तो पुन्हा पुन्हा एकच वाक्य म्हणत होता, "साहेब, सगळ्यांनी बघितलं."

सगळ्यांनी पाहिले, पण त्यांतील एक जण तेवढा साक्षीदार निघाला. तो त्या रात्री गावात नव्हताच. पुण्यास एका इमारतीच्या कामावर तो गवंड्याच्या हाताखाली आहे. रात्री पत्र्याच्या खोलीत जेवण झाल्यावर त्याने गट उघडला, मजकूर वाचला, आणि भावास विचारावे म्हणून त्या पडद्याचे छायाचित्र, ज्याला मुले स्क्रीनशॉट म्हणतात, ते काढून ठेवले. पुढे त्याला विचारले, तेव्हा दोन दिवसांची मजुरी बुडवून तो आला. पुण्याहून नांदेड, नांदेडहून मुदखेड-भोकरमार्गे आदिलाबादकडे जाणाऱ्या गाडीने हिमायतनगर, असा प्रवास करून त्याने आपला जबाब दिला आणि मोबाईल पंचनाम्यात दिला. शेकडो मैलांवरचा माणूस हजर झाला आणि शेजारच्या भिंतीपलीकडचे गैरहजर राहिले.

कायदा या हजेरीकडे कसा पाहतो, हे आपण नीट समजून घेतले पाहिजे. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा. त्याच्या कलम ३(१) मधील खंड 'आर' आणि 'एस' यांप्रमाणे हेतुपुरस्सर अपमान करणे किंवा जातीवरून शिवीगाळ करणे हा गुन्हा आहे. पण तो 'लोकांच्या नजरेत येईल अशा ठिकाणी' घडला पाहिजे. २०२० साली हितेश वर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, घराच्या चार भिंतींत, बाहेरचा कोणी हजर नसताना उच्चारलेले शब्द या कलमात बसत नाहीत. आणि ऐकणारे केवळ नातेवाईक वा मित्र असून भागत नाही. मग मोबाईलच्या पडद्यावरचे काय? केरळ उच्च न्यायालयाने २०२२ साली अनुसूचित जमातीच्या एका स्त्रीविषयी इंटरनेटवर चढविलेल्या मजकुराच्या प्रकरणात असे म्हटले की, या युगात 'हजेरी' या शब्दात इंटरनेटवरील हजेरीही येते. तो मजकूर जेव्हा जेव्हा कोणी उघडतो, तेव्हा तेव्हा अपमानित व्यक्ती तेथे हजर होती असेच मानावयाचे. हा निर्णय आपल्या मुंबई उच्च न्यायालयावर बंधनकारक नाही, आणि दोघांतील खासगी निरोपाला तो लागू पडेलच असेही नाही. परंतु दोनशे माणसांच्या सर्वजातीय गटात लिहिलेल्या शिवीविषयी युक्तिवाद करताना तो हाताशी असतो. त्या वेळी न्यायालय विचारणार ते हेच: गटात कोण होते, कोणी वाचले, आणि सांगावयास कोण येणार?

पुराव्याचीही तीच गोष्ट. याविषयीचा सर्वांत महत्त्वाचा निकाल आपल्या मराठवाड्यातूनच गेलेला आहे. जालना विधानसभेच्या २०१४ च्या निवडणुकीच्या वादातून निघालेल्या अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी ठरविले की, इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत हजर करावयाची तर सोबत कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र पाहिजेच. मात्र मूळ यंत्राचा मालक स्वतः साक्षीस उभा राहून ते यंत्र आपले आहे आणि नोंद त्यातच आहे असे सिद्ध करील, तर त्या प्रमाणपत्राची गरज नाही. १ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. त्याच्या कलम ६३ मध्ये प्रमाणपत्राची अट कायमच आहे. तेव्हा केवळ छापील कागद घेऊन वकिलाकडे धावू नका. ज्या मोबाईलवर मजकूर आला तो जपा. मजकूर पुसू नका, गट सोडण्याची घाई करू नका, सभासदांची यादी आधी टिपून ठेवा. निरोप काही दिवसांनी आपोआप नाहीसे होण्याची जी सोय मुले हौसेने लावून ठेवतात, ती अशा गटांत लावू नका. पाठविणाऱ्यास आपला निरोप सुमारे दोन दिवसांपर्यंत सर्वांच्या यंत्रांतून पुसता येतो. म्हणून वाट पाहण्यात तोटा तुमचाच आहे. आणि फिर्याद देण्यास ठाण्यात जाण्याची भीती वाटत असेल, तर नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे खबर इलेक्ट्रॉनिक मार्गानेही देता येते; तीन दिवसांच्या आत जाऊन तिच्यावर सही केली म्हणजे झाले.

एक अडचण मी लपवून ठेवणार नाही. लोक साक्षीला येत नाहीत ते नेहमीच भित्रेपणामुळे नव्हे. गरिबाच्या घरी मोबाईल एकच असतो. त्यावरच मुकादमाचा निरोप येतो, त्यावरच मजुरीचे पैसे जमा झाल्याचे कळते, त्यावरच पोरगी अभ्यास करते. तो पोलिसांनी जप्त केला तर किती महिन्यांनी परत मिळेल, या विचाराने माणूस मागे सरतो. याला उपाय एकच, की अशा साक्षीदाराला वस्तीने दुसरा मोबाईल मिळवून द्यावा. जयंतीच्या वर्गणीतून ध्वनिक्षेपकाची एक भिंत कमी केली तरी ते भागेल. हे लिहिताना काही तरुण मित्र माझ्यावर रागावतील, ते मला ठाऊक आहे.

दूर असलेल्या माणसाची हजेरी कशी धरावी, हा प्रश्न आपल्या धम्माला नवा नाही. २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतील भाषणात बाबासाहेबांनी दाखवून दिले होते की, बसण्याची व्यवस्था, ठराव, गणसंख्या, मतमोजणी हे संसदीय कामकाजाचे सारे नियम बौद्ध भिक्षुसंघांना माहीत होते. विनयपिटकातील महावग्गात उपोसथाचे जे नियम आहेत, त्यांत आजारी भिक्षूचा विचार केला आहे. जो येऊ शकत नाही त्याने आपली पारिशुद्धी आणि संघकार्यास संमती दुसऱ्या भिक्षूकडे द्यावी, आणि त्याने ती संघास कळवावी. नेणारा वाटेतूनच दुसरीकडे निघून गेला, तर ती पोहोचली नाही असे समजावयाचे. एवढेही सांगण्याची ज्याला शक्ती नाही, त्याला मंचकासह उचलून संघात आणावे. आणि हलविल्याने त्याचा आजार बळावेल किंवा तो दगावेल अशी भीती असेल, तर संघानेच त्याच्याकडे जावे आणि तेथे उपोसथ करावा. पण त्याला वगळून अपुऱ्या संघाने कार्य उरकू नये. वाचकहो, निरोपाने येणारी हजेरी तथागतांनी नाकारली नाही. परंतु ती जेथे कमी पडते तेथे चालत जाण्याचे काम त्यांनी आजाऱ्यावर न टाकता संघावर टाकले.

आता आपल्या दोषांकडे वळू. हे यंत्र हाती आल्यापासून आपणही सम्यक् वाचेचे पालन किती करतो, हे स्वतःस विचारावयास हवे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच निरपराध माणसांना जमावाने ठेचून मारले. ती अफवा मोबाईलवरून फिरली होती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एका वेळी पाचांपेक्षा अधिक ठिकाणी पुढे ढकलण्यावर बंदी आणली. मेले ते आपल्यासारखेच पोटासाठी भटकणारे गरीब लोक होते. न तपासलेला निरोप पुढे पाठविणे हा पंचशीलातील चौथ्या शीलाचा भंग आहे, असे मी मानतो. 'जसा आला तसा पाठविला' ही सबब तेथे चालत नाही.

अफवा आपल्याविरुद्धही फिरतात. धर्माच्या रकान्यात 'बौद्ध' लिहिले की सवलती जातात, हा निरोप दर जनगणनेच्या आणि शाळाप्रवेशाच्या सुमारास न चुकता येतो आणि नवदीक्षित आई-बाप घाबरतात. १९९० साली संसदेने कायदा करून अनुसूचित जातींच्या आदेशात बौद्धांचा समावेश केला आहे. अनुसूचित जातीतून धम्मात आलेल्याचा अनुसूचित जातीचा दर्जा बौद्ध झाल्यामुळे जात नाही. हे वाक्य आपण खुशाल पुढे पाठवावे.

दुसरे असे, की नात्याच्या गटावर मामा-मावशीकडून रोज सकाळी देवादिकांची चित्रे येतात. आमच्या काही तरुणांना त्याचा संताप येतो, आणि ते उत्तरादाखल त्या देवतांची टवाळी करणारी चित्रे पाठवितात. बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा या आपण स्वतः काय करणार आणि काय करणार नाही याच्या प्रतिज्ञा आहेत. दुसऱ्याच्या अंगणात जाऊन शिव्या देण्याचा परवाना त्यांत नाही. शिवाय धार्मिक भावना दुखावण्याचे आणि समाजात वैर पसरविण्याचे कलम आपल्यावरही लागते. जामिनासाठी माझ्याकडे आलेल्या अशा मुलांची संख्या लहान नाही. गट चालविणाऱ्यांनी मात्र फुकट धास्ती घेऊ नये. सभासदाच्या मजकुराबद्दल, त्यात स्वतःचा हात नसेल तर, गटचालकास गुन्हेगार धरता येत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ साली सांगितले आहे. पण या निकालाच्या आडून गप्प बसणारे गटचालकही मी पाहिले आहेत.

या हजेरीच्या खुणेचा आणखी एक दुरुपयोग आपल्या घरांतच चालला आहे, आणि त्याविषयी पुरुष बोलत नाहीत. रात्री अकरा वाजता मुलगी 'ऑनलाइन' का होती, सून 'लास्ट सीन' का लपविते, निळी खूण उमटली तर उत्तर का दिले नाही, अशी उलटतपासणी भाऊ, नवरे आणि सासरे करीत असतात. परवा एका बाईने सोडचिठ्ठीच्या कागदांसोबत अशा प्रश्नांची चार पाने माझ्यापुढे ठेवली. पूर्वी उंबरठ्यावर पहारा होता, तो आता तिच्या तळहातावर आला. समाजाची प्रगती मी स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो, या अर्थाचे बाबासाहेबांचे विधान १९४२ च्या नागपूर महिला परिषदेतील आहे. ते आपल्या घराच्या भिंतीवर टांगलेले असते, आणि त्याच भिंतीखाली ही तपासणी चालते! खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली नऊ न्यायाधीशांच्या पीठाने एकमताने ठरविले. सरकारविरुद्ध तो हक्क हिरिरीने मागणाऱ्याने तो आपल्या लेकीलाही दिला पाहिजे. कोणास दिसावे आणि कोणास दिसू नये, हे तिने ठरवावे.

एवढे सगळे लिहिले, म्हणून मी या यंत्राचा वैरी आहे असे कोणी समजू नये. गेल्या वर्षावासात, म्हणजे आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, आमच्या ओळखीच्या एका विहारात रोज संध्याकाळी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन झाले. एक मुलगी आपला मोबाईल वाचकासमोर ठेवून बसे आणि परगावी गेलेली माणसे आपापल्या ठिकाणाहून ऐकत. विटभट्टीवर गेलेल्या एका आजीला वाचता येत नाही. तिने त्यातील एकही दिवस चुकविला नाही, आणि शेवटच्या दिवशी विहारातील बायकांना नावाने हाका मारून 'साधु, साधु, साधु' म्हटले. त्याच विहारात त्या दिवसांत प्रत्यक्ष येऊन बसणारे किती होते म्हणाल, तर बोटांवर मोजण्याइतके. घर विहाराला लागून असलेले लोकही घरी बसून ऐकत होते.

त्या पहिल्या हकीकतीतील वस्तीने नंतर एक केले. आपल्या गटावर कोणाचे संकट कळले की खाली हात जोडल्याची चिन्हे आणि 'जाहीर निषेध' लिहावयाचे नाही. जो जाणार असेल त्याने 'निघालो' एवढेच लिहावयाचे, आणि जाऊन आल्यावर दुसऱ्याने पुढची वेळ घ्यावयाची. प्रारंभी दोघेच लिहीत. मागच्या महिन्यात त्या मुलाच्या आईला ताप भरला, तेव्हा रात्री दहाच्या सुमारास सात जणांनी लिहिले, आणि त्यांतील पाच जण खरोखर गेले.

खटल्याची पुढील तारीख लागली आहे. पुण्याचा तो मजूर पुन्हा येणार आहे, तसे त्याने गटावर कळविले आहे. त्याची गाडी पहाटे येते आणि स्थानकावर त्याला आणावयास कोणी जावे, एवढेच ठरावयाचे राहिले आहे. आतापर्यंत तीन नावे आली आहेत.